डोळे वर, माती दोन इंच

झाडं लावायला मुहूर्त लागतो हे काही मला नवीन नव्हतं. आमच्याकडेही नवी कलमं पाऊस नीट लागल्याशिवाय जमिनीत जात नाहीत. पण अमेरिकेत मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला राहणारी माझी मावसबहीण फोनवर म्हणाली, "पिओनी हलवायचीय, मे महिन्यापासून थांबलेय, आता ऑक्टोबर उजाडला की बघू," तेव्हा मात्र कुतूहल वाटलं. एका झुडपाची जागा बदलायला पाच महिने! कामानिमित्त डेट्रॉइटला जाणं होतंच, त्यातला शनिवार ताईकडे काढला.

पिओनी घराबरोबर आलेली. ताईने घर घेतलं तेव्हा ती अंगणात होतीच. कुणी लावली, केव्हा लावली, पत्ता नाही. मेअखेरीला वाटीएवढी पांढरी फुलं यायची, मधल्या पाकळ्यांवर कुंकवाचे शिंतोडे उडावेत तसे लाल ठिपके. शेजारच्या आजींच्या मते ही 'फेस्टिवा मॅक्सिमा', म्हणजे 1851 पासून बागांत असलेली जात. दरम्यान शेजारचा मेपल वाढला, त्याची सावली अंगणभर पसरली आणि फुलं दोन-चारांवर आली. पिओनीला दिवसाचं निदान सहा तास ऊन लागतं.

सावलीची अडचण नसती तर हलवायची गरजच नव्हती. शेवंतीसारखं वरचेवर फोडून लावायचे लाड या झाडाला नकोत. एका जागी पन्नास वर्षं, कधी शंभरसुद्धा, ते मजेत काढतं. अ‍ॅन आर्बरच्याच निकोल्स आर्बोरेटममध्ये पिओनीची मोठी बाग आहे. औषधनिर्माते डॉ. अपजॉन यांनी 1922 मध्ये झाडं भेट दिली, 1927 मध्ये बाग लोकांसाठी खुली झाली, आणि त्या जुन्या जाती अजूनही दर जूनमध्ये फुलतात. असं झाड उगाच उकरू नये हे माझं मत तिथेच पक्कं झालं.

शेजारच्या आजी म्हणजे या कामाच्या मुकादम. ताई त्यांना तोंडावर नावाने हाक मारते आणि आमच्यात 'आजी' म्हणते. शेतावर वाढलेल्या, ऐंशीच्या घरातल्या, गुडघे गेलेले. पालथ्या बादलीवर बसून त्या भावोजींना हुकूम सोडत होत्या. दांडे जमिनीलगत कापा. पानं कंपोस्टात नको, कचऱ्याच्या पिशवीत. त्यांच्यावरची बुरशी हिवाळा काढते आणि वसंतात कोंबांवर चढते. मग दांड्यांपासून हात-दीड हात लांबून गोल खणा, जवळ येऊ नका.

आदल्या आठवड्यात पाऊस झालेला, जमिनीला छान वाफसा होता. तरी गड्डा सुटायला बराच वेळ गेला. भावोजी एका बाजूने फावडं रेटत होते, मी दुसऱ्या बाजूने चार दातांचा काटा. शेवटी 'कट्' असा एक आवाज झाला, कुठलं तरी मूळ तुटलं, आणि तो वास आला. ओल्या मातीत वैद्याच्या दुकानातला कडवट दर्प मिसळावा तसा. चीनमध्ये पिओनीची मुळं शतकानुशतकं औषधात वापरतात, हे मला तिथे नाकानेच पटलं. घरी आल्यावरही तो वास काही दिवस नखांतून गेला नाही, आणि खरं सांगायचं तर जाऊ नये असंच वाटत होतं.

पाण्याच्या नळीखाली माती निघाली तेव्हा खाली बोटभर जाडीची तपकिरी मुळं दिसली, वर त्यांच्या माथ्यावर गुलाबी, टोकदार डोळे. पुढच्या वर्षीचे कोंब ते हेच. उन्हाळ्याच्या शेवटीच तयार होऊन बसलेले. म्हणून हा मुहूर्त. झाड झोपेला आलेलं, जमीन अजून उबदार, आणि गोठायला पाच-सहा आठवडे अवकाश, तेवढ्यात बारीक मुळं सुटतात. वसंतात हलवलं तर झाड पानं वाढवू की मुळं, या पेचात पडतं. तरीही नर्सऱ्या पिओनी विकतात ती बहुतेकदा वसंतात, कुंडीत, फुलासकट. गिऱ्हाईक फूल बघून पैसे टाकतं, हा त्यातला हिशेब. झाडाच्या सोयीचा त्यात भाग नाही.

सुरी आजींनी स्वतःच्या हातात घेतली. स्पिरिटने पुसली, गड्डा फिरवून फिरवून पाहिला, आणि प्रत्येक तुकड्याला तीन ते पाच डोळे राहतील असे चार भाग केले. एक-दोन डोळ्यांचा तुकडाही जगतो, पण फुलायला फार वर्षं लावतो. त्यांचा हात थरथरत होता, सुरी मुळावर टेकली की थांबायचा.

खड्डे प्रशस्त, तळाला थोडं कंपोस्ट, ऊन भरपूर, पाणी साचणार नाही अशी उंचवट्याची जागा. हे सगळं झटपट झालं. मग आला दोन इंचांचा प्रश्न. डोळ्यांवर माती दोन इंच, त्याहून जास्त नाही. आजींनी खड्ड्यावर काठी आडवी टाकली आणि काठीपासून डोळ्यांपर्यंत तर्जनीची दोन पेरं मोजली. माती लोटली, पाणी घातलं, माती बसली, पुन्हा मोजलं. ताई ओंजळभर माती वरून टाकायला गेली तर त्यांनी तिचा हात धरला.

"थंडी लागेल ना हिला," ताई म्हणाली.

"लागलीच पाहिजे."

पिओनीला फुलण्यासाठी थंडीचे काही आठवडे हवेतच. खोल पुरली तर पानं येतात, फुलं येत नाहीत. आजींच्या म्हणण्याप्रमाणे लोक 'झाड फुलत नाही' म्हणून त्यांच्याकडे येतात, तेव्हा बहुतेकदा दोन इंचांचे चार झालेले असतात, आणि ते मायेपोटी झालेले असतात. जास्त खत घालणारेही तेच लोक. या बाबतीत मी पूर्णपणे आजींच्या बाजूची आहे.

एक तुकडा मला द्यायची ताईची इच्छा होती. कागदपत्रांची भानगड सोडा, आमच्या पुण्याची थंडी या झाडाला पुरणार नाही. आपल्या देशात पिओनीची एक जात आहे, पण ती काश्मीर-हिमाचल-उत्तराखंडच्या डोंगरात. तिला मामेख असंही म्हणतात. चौथा तुकडा मग आजींनीच नेला.

डिसेंबरात जमीन गोठल्यावर ताईने वर पालापाचोळा पसरला. पहिल्या हिवाळ्यात कच्ची मुळं गोठण-वितळणीने उचकटून वर येतात, म्हणून तेवढंच पांघरूण. मे महिन्यात तिने फोटो पाठवला: तीन झाडांना मिळून पाच काड्या, कळी एकही नाही. हे अपेक्षितच, नीट फुलायला तिसरं वर्ष उजाडतं. पण आजी बघायला आल्या तेव्हा पाचोळा अजून तसाच होता, कुजून मातीत मिसळू लागलेला. त्यांनी एका झाडाच्या बुडाशी तर्जनी खुपसली, ती तीन पेरं आत गेली, आणि ताईला खुरपं आणायला पिटाळलं.