परवान्याची परीक्षा आणि सर्वांसाठी एकच काटा

हिंगोलीहून नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कळमनुरी तालुक्यात, आखाडा बाळापूर हे बाजारपेठेचे गाव आहे. सोयाबीन, कापूस आणि हळदीच्या हंगामात येथील रस्त्यावर मालमोटारी, ट्रॅक्टर आणि दुचाकी यांची एकच दाटी होते. अशा गावात पेढी वा दुकान सांभाळणाऱ्या कुटुंबातील मुलगा नववी-दहावीत गेला, की घरातून सहज सांगितले जाते, “दुकानात डबा पोहोचवून ये, गाडी घेऊन जा.” किल्ली अशी नकळत हाती येते. परवान्याचा विचार पुढे केव्हातरी, आणि तोही बहुधा ‘काम करून देणाऱ्या’ एखाद्या गृहस्थामार्फत होतो. मुलाला वाहन येते, मग परीक्षा ही केवळ उपचाराची बाब, असा आपला समज झालेला असतो.

वस्तुतः ही परीक्षा उपचाराची नाही. शाळेची परीक्षा मुलगा विद्यार्थी म्हणून देतो. वाहन चालविण्याची परीक्षा तो प्रथमच नागरिक म्हणून देतो. त्या दिवशी त्याला मिळणारी वागणूक, कार्यालयाकडून आणि घरच्यांकडूनही, कायदा म्हणजे काय याचा त्याच्या आयुष्यातील पहिला धडा असते.

एका मुलीची दोन वेळची परीक्षा

परिचयातील एका व्यापारी कुटुंबातील मुलीची हकीकत येथे सांगावीशी वाटते. गाव आणि कार्यालय कोणते, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. मुलगी अठरा वर्षांची, दुकानाचे हिशेब संगणकावर चोख ठेवणारी. महिनाभर सराव करून ती वडिलांसह परीक्षेला गेली. मैदानावर तिच्याशी कोणी बोललेच नाही. “हिला येतं का चालवायला?” हा प्रश्नही वडिलांना विचारला गेला. इंग्रजी आठच्या आकाराच्या मार्गावर दुसऱ्या वळणाला तिचा पाय जमिनीला टेकला. “नापास, पुढचा या,” एवढेच शब्द कानी आले. काय चुकले, हे विचारण्यासाठी ती थांबली. पण मागची रांग पुढे सरकली होती. फाटकापाशी एकाने वडिलांना बाजूला घेऊन सांगितले, “पुढच्या खेपेला आधी आम्हाला भेटा.”

वडिलांनी त्या माणसाला नम्रपणे नकार दिला आणि वाटेत मुलीला एका शब्दाने बोलले नाहीत. पुढच्या वेळी मात्र परीक्षेपूर्वीच ते निरीक्षकांसमोर हात जोडून म्हणाले, “साहेब, मागच्या वेळी हिचे काय चुकले ते हिलाच सांगावे. ही शिकायला आली आहे.” निरीक्षक क्षणभर थांबले. मग तिच्याकडे वळून म्हणाले, “वळताना तुम्ही पुढच्या चाकाकडे पाहता. चाकाकडे पाहू नका, जिथे जायचे आहे तिकडे पाहा.” मुलगी त्या दिवशी उत्तीर्ण झाली. घरी आल्यावर तिने आईला प्रथम सांगितले ते हे, की “साहेब मला ‘तुम्ही’ म्हणाले.”

निरीक्षकांनी तिला कोणतीही सवलत दिली नव्हती. मार्ग तोच, अट तीच होती. फरक एवढाच, की एका वाक्याने चूक दाखविली गेली आणि समोरच्या व्यक्तीला व्यक्ती म्हणून वागविले गेले. अठरा पूर्ण झालेल्या उमेदवाराला कायदा सज्ञान मानतो. मग “ए पोरा” म्हणून हाक मारण्याचे कारण उरत नाही.

नियम काय सांगतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालविण्यासाठी अठरा वर्षे पूर्ण असावी लागतात. अपवाद एकच: ५० सीसीपर्यंतच्या इंजिनाची दुचाकी सोळा वर्षे पूर्ण झाल्यावर, पालकाच्या लेखी संमतीने परवाना काढून चालविता येते. आज घरोघरी दिसणाऱ्या स्कूटर बहुतेक १०० सीसीच्या वरच्या असतात. म्हणून “सोळाला चालते” हे समाधान फसवे आहे.

प्रथम शिकाऊ परवान्याची प्रश्नपत्रिका असते. तीत ६० टक्के उत्तरे बरोबर यावी लागतात. शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने असून, तो मिळाल्यावर किमान ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची परीक्षा देता येते. तिचे शासकीय शुल्क प्रत्येक वाहन प्रकारासाठी ३०० रुपये आहे. उमेदवार अनुत्तीर्ण झाला तर सात दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येते. तीन वेळा अपयश आले तरच शेवटच्या परीक्षेपासून ६० दिवस थांबावे लागते. कायद्यानेच पुन्हा प्रयत्नाची वाट मोकळी ठेवली आहे. ज्याला कायदा कलंक मानीत नाही, त्याला आपण घरात कलंक का मानावा?

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली अधिसूचित झालेली सेवा ठरलेल्या मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. विनाकारण विलंब वा नकार झाल्यास अपील करता येते. व्यापाऱ्याने हा मार्ग मुलांना दाखविला, तर हक्क मागणे म्हणजे भांडणे नव्हे, हेही त्यांना कळेल.

कठोरता हवी, अपमान नको

निरीक्षकांची बाजूही पाहिली पाहिजे. समोर लांब रांग, डोक्यावर ऊन, आणि प्रत्येक उमेदवारामागे कोणाची तरी शिफारस. तयारी नसलेल्या मुलाला दयेने उत्तीर्ण करणे ही दया नव्हेच. तिशीच्या आत मिळालेला परवाना वयाच्या चाळीस वर्षांपर्यंत वैध असतो. अठराव्या वर्षी काही मिनिटांत झालेला हा निर्णय बावीस वर्षे रस्त्यावर वावरणार असतो. म्हणून परीक्षा कडकच असावी. पण काय करायचे ते आधी नीट सांगावे, मार्ग सर्वांना तोच असावा, मुलीची परीक्षा असेल तर मुलीशीच बोलावे, आणि अनुत्तीर्ण झाल्यास कारण सांगावे. यासाठी वेगळा निधी वा इमारत लागत नाही.

प्रारंभ आपल्या घरून

मात्र कार्यालयाकडून समान वागणूक मागण्याचा अधिकार ज्याने आडवाट धरली त्याला उरत नाही. अचौर्य अणुव्रताचे अतिचार आपण पाठशाळेत शिकलो आहोत. त्यांत हीनाधिक मानोन्मान, म्हणजे कमी-अधिक मापाने देणे-घेणे आहे. आणि विरुद्धराज्यातिक्रम, म्हणजे राज्याच्या नियमाचे उल्लंघन, हाही आहे. दुकानात ओळखीच्या गिऱ्हाइकाला एक काटा आणि अनोळखी शेतकऱ्याला दुसरा, असे आपण करीत नाही. तीच आपल्या पेढीची पत. मग परवान्याच्या रांगेत आपल्या मुलासाठी वेगळा काटा का मागावा? जादा पैसे देऊन मिळविलेला परवाना मुलाला वाहन चालविण्याआधी नियम विकत घेता येतो हे शिकवितो. शिवाय त्याच रांगेत उभ्या असलेल्या मजुराच्या मुलावर तो अन्याय असतो.

अल्पवयीन मुलाच्या हाती वाहन देण्याबाबत कायदा १ सप्टेंबर २०१९ पासून अधिक कडक झाला आहे. कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाकडून वाहन चालविताना गुन्हा घडल्यास पालक वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कारावास आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलास वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. १९ मे २०२४ रोजी पुण्याच्या कल्याणीनगर भागात मोटारीच्या धडकेत दोन तरुण अभियंते मृत्युमुखी पडले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता, असा आरोप झाला. तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याच्या अटीसह त्याला जामीन मिळाल्यावर देशभर संताप उसळला. न्यायालयाचे काम न्यायालय करील. आपण एवढेच विचारावे, की आपल्या घरातील किल्ल्या कोठे टांगलेल्या असतात आणि त्या कोणाच्या हाताला लागतात.

आपल्या आचारात प्रमादाला, म्हणजे बेसावधपणाला, हिंसेचे मूळ मानले आहे. ईर्यासमिती पाळणारे मुनिराज चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकतात. “चाकाकडे नव्हे, पुढे पाहा,” हे त्या निरीक्षकांचे वाक्य ऐकताना त्या वडिलांना हेच आठवले असेल. वाहन चालविणाऱ्या गृहस्थासाठी अहिंसेचा हा रोजचा, साधा अभ्यास आहे.

येत्या सुट्टीत ज्यांच्या घरी कोणी अठरा पूर्ण करीत असेल त्यांनी त्याचा अर्ज त्यालाच भरू द्यावा, शुल्क त्याच्याच हातून भरावे, महिनाभर सायंकाळी त्याच्यासोबत सरावाला जावे आणि परीक्षेच्या दिवशी चार पावले मागे उभे राहावे. तो अनुत्तीर्ण झालाच, तर काय चुकले ते शांतपणे विचारण्याचे धैर्य त्याला द्यावे; आणि सात दिवसांनी पुन्हा त्याच रांगेत, सर्वांच्या मागे, त्याच्यासोबत उभे राहावे.