हौशी केकसजावट आणि घरगुती केक करणाऱ्या स्त्रियांमधील परस्परसाहाय्य : कोऱ्हाळे बुद्रुक परिसराच्या संदर्भात

बीजसंज्ञा : केकसजावट, घरगुती उद्योग, सावड, इरजिक, हलव्याचे दागिने, स्त्रीश्रम.

प्रस्तावना :

लग्नघरात मांडले जाणारे रुखवत आणि पहिल्या संक्रांतीला नववधूच्या अंगावर चढणारे हलव्याचे दागिने ही महाराष्ट्रातील खाद्यसजावटीची दोन जुनी रूपे होत. दोन्हींमध्ये गोड पदार्थ हे माध्यम असते, स्त्रीचे हात हे साधन असते आणि शेजारणीची मदत गृहीत धरलेली असते. अलीकडच्या काळात त्यांच्या जोडीला केकसजावट येऊन बसली आहे. पूर्वी शहरातील बेकरीपुरता मर्यादित असलेला क्रीमचा केक आज खेड्यातील वाढदिवसाचा अविभाज्य भाग झाला असून तो अनेकदा त्याच गावातील एखाद्या घरात, घरच्या ओट्यावर तयार होतो. हौस म्हणून सुरू झालेले हे काम पुढे अर्थार्जनाकडे वळते. या वळणावर घरगुती केक करणाऱ्या स्त्रिया एकमेकींना कोणत्या स्वरूपाचे साहाय्य करतात आणि त्या साहाय्याच्या मर्यादा कोणत्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परिसर व पार्श्वभूमी :

कोऱ्हाळे बुद्रुक हे पुणे जिल्ह्याच्या बारामती तालुक्यातील बारामती-नीरा मार्गावरचे गाव होय. नीरा डाव्या कालव्यामुळे पर्जन्यछायेतील हा भाग उसाचा पट्टा बनला. एका बाजूस माळेगावचा आणि दुसऱ्या बाजूस सोमेश्वरनगरचा असे दोन सहकारी साखर कारखाने या परिसरात आहेत. अशा पट्ट्यात साखर ही दुकानातील वस्तू असतेच. शिवाय ती शेताशी, कारखान्याच्या सभासदत्वाशी आणि सणाला घरी येणाऱ्या सवलतीच्या साखरेशीही जोडलेली असते. तथापि या साखरेपासून थेट आयसिंग होत नाही. कारखान्याची साखर दाणेदार असते. ती घरच्या मिक्सरमध्ये दळली तरी तिच्यात कण राहतात आणि नोझलच्या बारीक तोंडात ते अडकतात. आयसिंगसाठी अत्यंत बारीक दळलेली, गुठळी होऊ नये म्हणून थोडा कॉर्नफ्लोअर मिसळलेली साखर लागते. त्यामुळे उसाच्या पट्ट्यातील गृहिणीलाही पिशवीबंद आयसिंग शुगर मोठ्या गावातून आणावी लागते. परस्परसाहाय्याची पहिली गरज येथेच निर्माण होते.

केक महाराष्ट्राला नवा नाही. पुण्याच्या लष्कर भागातील कयानी बेकरी १९५५ पासून मावा केक आणि श्रूजबेरी बिस्किटांसाठी प्रसिद्ध आहे. खेड्यातून व लहान शहरांतून दिवाळीत रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचे आणि नानकटाई भाजून आणायची, ही पद्धत मागील पिढीच्या चांगली स्मरणात आहे. अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन किंवा तळाशी वाळू घातलेला कुकर यांत केलेला साधा केकही अनेक घरांत होत असे. परंतु तो सजवलेला नसे. वरून काजू-बदामाचे काप लावले की तो पूर्ण झाला, असे मानले जाई.

सजावटीला चालना मिळाली ती प्रामुख्याने तयार व्हिपिंग क्रीममुळे. अमेरिकेतील रॉबर्ट रिच यांनी १९४५ मध्ये सोयाबीनपासून दुधाविरहित क्रीम तयार केले. पुढे अशा वनस्पतिजन्य क्रीमचा प्रसार जगभर झाला. ते गोठवून साठवता येते, फेटल्यावर फुलते आणि दुधाच्या सायीपेक्षा अधिक काळ आकार धरून राहते. मार्च २०२० मधील टाळेबंदीने या वाटचालीला वेग दिला. वाढदिवस थांबले नाहीत, पण केक आणणे अवघड झाले. अनेक घरांत पहिला सजवलेला केक त्या काळात झाला.

हलव्याच्या परातीपासून पायपिंग बॅगपर्यंत :

केकसजावटीकडे पाश्चात्त्य अनुकरण म्हणून पाहण्याची प्रवृत्ती दिसून येते. ती अर्धीच खरी आहे. काटेरी हलवा कसा होतो हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना रॉयल आयसिंग परके वाटण्याचे कारण नाही. तीळ किंवा खसखस परातीत घेऊन मंद आचेवर ठेवतात. साखरेचा पाक चमच्याने थोडा थोडा सोडत, बोटांनी सतत हलवत राहावे लागते. दाण्यावर थरावर थर चढत जातो आणि काही दिवसांनी काटा उभा राहतो. हवा दमट झाली की काटा बिघडतो. पाकाचे प्रमाण पुस्तकात सापडते. बोटांचा वेग मात्र सासू, जाऊ किंवा शेजारीण यांच्याकडूनच शिकावा लागतो.

रॉयल आयसिंगची अडचणही नेमकी हीच. अंड्याचा पांढरा भाग व बारीक साखर एकत्र फेटून हे मिश्रण तयार होते आणि हवेत वाळून कडक बनते. दमट हवेत ते नीट वाळत नाही. पावसाळ्यात नाजूक जाळी वाकते. या दृष्टीने बारामती परिसराची कोरडी हवा त्याला अनुकूल म्हणावी लागेल. उलट लोण्याचे क्रीम येथील उन्हाळ्यात टिकत नाही, कारण लोणी साधारणतः ३२ ते ३५ अंश सेल्सियसला वितळते आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बाहेरचे तापमान त्याच्या बरेच वर असते. फॉन्डंटची तऱ्हा आणखी वेगळी. फ्रिजमधून बाहेर काढताच थंड पृष्ठभागावर बाष्प जमते, त्याला पाणी सुटते व रंग ओघळतो. शिकवणीवर्गातील कृती बहुधा वातानुकूलित खोलीतील असते. पत्र्याच्या छताखाली आणि वीज जाण्या-येण्याच्या वेळा सांभाळून काय करायचे, हे त्याच गावात काम करणारी दुसरी स्त्रीच सांगू शकते.

अंड्याचा प्रश्नही येथे महत्त्वाचा ठरतो. वारकरी कुटुंबे, श्रावण, गुरुवार, चतुर्थी यांमुळे बिनअंड्याच्या केकची मागणी मोठी असते. दही व खाण्याचा सोडा, किंवा आटवलेले गोड दूध वापरून स्पंज साधता येतो. रॉयल आयसिंगचा पायाच अंडे असल्याने तेथे पर्याय शोधणे कठीण होते. पुण्यातील केककलावंत प्राची धबल देब यांचे कार्य या संदर्भात लक्षणीय आहे. इंग्लंडमधील ज्येष्ठ कारागीर एडी स्पेन्स यांच्याकडे त्यांनी रॉयल आयसिंगचे शिक्षण घेतले आणि भारतीय गरज ओळखून अंडेविरहित आयसिंग विकसित करण्यात पुढाकार घेतला. या आयसिंगमधून त्यांनी साकारलेल्या मिलान येथील कॅथेड्रलच्या सुमारे १०० किलो वजनाच्या प्रतिकृतीची नोंद २०२२ मध्ये लंडनच्या वर्ल्ड बुक ऑफ रेकॉर्ड्सने घेतली. खेड्यातील अर्धा किलोच्या केकशी या भव्य कामाची तुलना होऊ शकत नाही. मात्र चतुर्थीच्या दिवशी केक मागणाऱ्या घराची अडचण दोन्ही ठिकाणी सारखीच आहे.

इरजिक आणि सावड :

ग्रामीण महाराष्ट्रात श्रमाच्या देवघेवीच्या दोन पद्धती रूढ होत्या. एखाद्याचे काम अडले असता गावकऱ्यांनी बैल-अवजारे घेऊन एकत्र यावे, त्याने त्यांना जेवण द्यावे, ही इरजिक. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या, अशी पाळीपाळीने फेडायची मदत ती सावड. उन्हाळ्यातील वाळवणाच्या दिवसांत कुरडया, पापड, शेवया करताना स्त्रियांनी हीच पद्धत घराच्या अंगणात चालविली. घरगुती केक करणाऱ्या स्त्रियांचे परस्परसाहाय्य या दोन संकल्पनांच्या आधारे समजून घेणे सोयीचे ठरते.

नवशिक्या स्त्रीला मिळणारी मदत इरजिकेच्या जवळची असते. क्रीम जास्त फेटले गेले तर ते दाणेदार होते, हे तिला माहीत नसते. थोडे न फेटलेले थंड क्रीम घालून ते हलक्या हाताने सारखे करता येते, हे कोणीतरी सांगते. टर्नटेबल एका हाताने फिरवत पॅलेट नाइफ स्थिर धरायची, हे शेजारी उभे राहूनच दाखवावे लागते. या मदतीची परतफेड लगेच अपेक्षित नसते. चहा आणि केकच्या कडेचा कापलेला तुकडा एवढ्यावर ती भागते.

सरावलेल्या स्त्रियांमधील व्यवहार मात्र सावडीचा असतो. क्रीमचे खोके, बेस बोर्ड, डबे, रंग या वस्तू एकीने बारामतीहून आणताना दुसरीच्याही आणायच्या. एकीच्या फ्रिजमध्ये जागा नसेल तर दुसरीच्या फ्रिजमध्ये केक ठेवायचा. एकीचा हात फुलांवर बसलेला असेल आणि दुसरीचा फॉन्डंटच्या बाहुल्यांवर, तर कामाची वाटणी होते. सर्वांत मोलाची मदत अडचणीच्या दिवशी मिळते. घरात सुतक आले, मूल आजारी पडले किंवा ऐन वेळी बीटर बंद पडला, तर घेतलेली ऑर्डर मोडावी लागत नाही. ती मैत्रिणीकडे जाते. वाढदिवस पुढे ढकलता येत नसल्याने या मदतीवर ग्राहकाचा विश्वास अवलंबून असतो. ओव्हन किंवा मोठा बीटर घेण्यासाठी भिशीचा आधार घेण्याची पद्धतही याच नात्यातली.

हौशी केकसजावटकारांची अशी देवघेव परदेशातही आढळते. अमेरिकेत बेटी जो स्टाइनमन यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये केकसजावट करणाऱ्यांची संघटना उभी राहिली आणि इंग्लंडमध्ये १९८१ मध्ये ब्रिटिश शुगरक्राफ्ट गिल्डची स्थापना झाली. प्रात्यक्षिके आणि प्रदर्शने हे अशा संघटनांचे मुख्य काम. खेड्यात यासाठी स्वतंत्र संस्था नसते. बचत गटाची बैठक, हळदी-कुंकू आणि भ्रमणध्वनीवरचा गट एवढी तिची साधने असतात.

सुरक्षिततेचे ज्ञान :

परस्परसाहाय्यातून चुकीची माहितीही तितक्याच वेगाने पसरते, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. केकवर लावण्याची चमकी हे त्याचे ठळक उदाहरण. ‘नॉन-टॉक्सिक’ असे लिहिलेली प्रत्येक भुकटी खाण्यायोग्य असतेच असे नाही; काही भुकट्या केवळ शोभेच्या, खाण्यापूर्वी काढून टाकायच्या वस्तूंसाठी असतात. अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यात २०१८ मध्ये वाढदिवसाच्या केकवरील सोनेरी भुकटीमुळे सहा मुले आजारी पडली आणि त्या भुकटीत तांब्याचे प्रमाण मोठे असल्याचे आढळले. मिझुरी राज्यातील २०१९ च्या दुसऱ्या प्रकरणात केकवरील फुलाच्या रंगभुकटीत शिसे सापडले.  आपल्याकडे खाद्यपदार्थांत वापरावयाचे कृत्रिम रंग कायद्याने मोजकेच ठरवून दिले आहेत आणि त्यांच्या प्रमाणावरही मर्यादा आहे. तेव्हा ‘मैत्रिणीने वापरले, काही झाले नाही’ हा पुरावा पुरेसा मानता येणार नाही. पाकिटावर खाद्य रंगाचा उल्लेख, घटकांची यादी व परवाना क्रमांक पाहणे हाच मार्ग उरतो.

वनस्पतिजन्य क्रीमबाबतही अशीच दक्षता हवी. भारतात जानेवारी २०२२ पासून औद्योगिक ट्रान्स फॅटची मर्यादा २ टक्क्यांवर आणण्यात आली. सुटे, नाव नसलेले क्रीम स्वस्त पडते म्हणून घेणे या पार्श्वभूमीवर धोक्याचे ठरते. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये केलेल्या २०११ च्या विनियमांनी लहान अन्नव्यावसायिकांसाठी वार्षिक १०० रुपये शुल्काची साधी नोंदणी ठेवली आणि घरातून विकणाऱ्या स्त्रीसही ती लागू झाली. ‘आम्ही हौसेने करतो’ हे कारण केक विकत दिल्यानंतर उरत नाही. नोंदणीचा अर्ज कसा भरायचा हे एकीला कळले की दुसरीचे काम सोपे होते; त्या दृष्टीने रंगसंगतीच्या चर्चेइतकाच वेळ या विषयाला मिळणे इष्ट आहे.

मोबदल्याचा प्रश्न :

सावडीची खरी कसोटी दराच्या बाबतीत लागते. वाळवण घरापुरते होते, त्यामुळे त्यात स्पर्धा नव्हती. केक विकला जातो आणि गावातील ग्राहक मर्यादित असतात. समजा, अर्धा किलोच्या केकला १५० रुपयांचे साहित्य लागले आणि तो ३०० रुपयांना दिला. भाजणे, थंड करणे, क्रीम फेटणे, सजावट व भांडी धरून तीन तास गेले, तर तासाला ५० रुपये पडतात. त्यातून गॅस, वीज, डबा आणि पोहोचविण्याचे पेट्रोल अजून वजा व्हायचे आहे. अशा स्थितीत कोणी २५० रुपयांना केक देऊ लागली, तर ती शेजारणीचे ग्राहक घेते आणि स्वतःची मजुरीही घालवते. तिचा यात दोष फारसा नसतो. साहित्याचा खर्च वहीत दिसतो. स्वतःचे तास दिसत नाहीत, कारण स्वयंपाकघरात गेलेला वेळ मोजण्याची सवयच स्त्रीला लावलेली नसते. नातेवाइकांच्या ऑर्डरी तर ‘घरचेच आहे’ म्हणून अनेकदा साहित्याच्या किमतीत किंवा त्याहूनही कमी दरात जातात.

परिसरातील स्त्रियांनी मिळून किमान दर ठरविणे हा यावर एक उपाय सुचविला जातो. तो योग्य असला तरी प्रत्येकीची गरज वेगळी असल्याने टिकविणे अवघड आहे. त्याआधी प्रत्येकीच्या वहीत मजुरीचा रकाना हवा, आणि मैत्रिणीने अडचणीत करून दिलेल्या केकचे तासही त्याच वहीत उतरायला हवेत. जुन्या सावडीत हा हिशेब होता. कोणाच्या रानात कोणाचे किती दिवस भरले आणि किती फेडायचे राहिले, हे कागदावर नसले तरी घराघरांत तोंडपाठ असे.