हुकूम निघाला, हत्ती निघेना

जोतिबाचं वाहन घोडा. कोल्हापूरजवळच्या वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर घोड्याला मान आहे तो देवाच्या नात्याने; हत्ती तिथे आला तो माणसाच्या हौशीने. २००७ साली आमदार विनय कोरे यांनी सुंदर नावाचा एक कोवळा हत्ती देवाला अर्पण केला. वय असेल सहा-सात वर्षांचं. रानात असता तर या वयाचं नर पिल्लू आई, मावश्या आणि थोरल्या बहिणींच्या घोळक्यात वाढलं असतं, आणि बारा-पंधराव्या वर्षी आपल्या पायांनी कळपाबाहेर पडलं असतं. सुंदरच्या वाट्याला एक शेड आली, साखळी आली आणि एक माहूत आला.

तेव्हा कुणाला त्यात फारसं वावगं दिसलं नाही. कोल्हापूर हत्तीला सरावलेलं गाव आहे. शाहू महाराजांच्या काळात इथे हत्तींची साठमारी चाले, आणि ती जिथे चाले ती जागा आजही साठमारी म्हणूनच ओळखली जाते. मस्तीला आलेला हत्ती डिवचायचा आणि त्याच्या सोंडेला हुलकावण्या देत जीव वाचवायचा, असा तो खेळ. दयामाया त्यात शोधू नये. पण संस्थानी हत्तीच्या मागे निदान एक खातं असे: हत्तीखाना, पिढीजात माहूत, वैरण आणणारी माणसं, रोज पाण्यावर नेण्याची शिस्त. संस्थान गेलं, खातं गेलं, हत्ती दारात असावा ही हौस तेवढी उरली. देवस्थानाला हत्ती मिळतो तेव्हा त्याच्यासोबत हे खातं मिळत नाही, हे अर्पण करणाऱ्याच्या आणि स्वीकारणाऱ्याच्या, दोघांच्याही ध्यानात येत नाही.

कायदाही इथे एक बारीक फट ठेवून बसला होता. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात हत्ती पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंगतीला. तो बाळगायचा तर वनखात्याचा मालकीचा दाखला हवा. २००३च्या दुरुस्तीने अशा जनावराची खरेदी-विक्री बंद केली. पण पैसे न घेता दिलेली भेट ही विक्री नव्हे. त्यानंतर देशभरातले हत्ती हातोहात फिरत राहिले ते बहुतेक 'भेट' म्हणूनच, आणि देवाला दिलेल्या भेटीची चौकशी कोण करणार?

हत्तीला लागतं तरी काय, हे एकदा पाहून घ्यावं. मोठा हत्ती दिवसाला दीडशे किलोच्या आसपास चारा खातो आणि शंभर लिटरच्या वर पाणी पितो. खाल्लेल्यातलं निम्मंही त्याला पचत नाही, म्हणून त्याचा दिवस चालण्यात आणि चरण्यात जातो. घाम येण्याची सोय त्याच्या कातडीत जवळपास नाहीच. अंगावर चिखल-पाणी घेऊन आणि कान हलवून तो स्वतःला गार ठेवतो. सगळ्यात नाजूक म्हणजे त्याचे पाय. तळव्याची जाड गादी चालण्यासाठी केलेली असते, उभं राहण्यासाठी नाही. फरशीवर, स्वतःच्याच लिद-मुतात दिवसचे दिवस उभं केलं की गादी झिजते, नखांच्या कडेला भेगा पडतात, भेगांत पू होतो. बंदिवासातले कितीतरी हत्ती अखेर पायांच्या दुखण्यानेच जातात.

साखळी एक पुढच्या पायाला आणि एक मागच्या पायाला असते. दोन्ही आखूड असल्या की हत्तीला नीट आडवंही होता येत नाही. मग तो डोलायला लागतो. एका पायावरून दुसऱ्या पायावर, मान डावीकडे, मान उजवीकडे, तासन् तास. भाविकाला वाटतं, गजराज ढोलाच्या तालावर डोलतोय. तो केळं पुढे करतो, कपाळाला हात लावतो, पोराला सोंडेखाली धरतो. डोलणं हे कोंडलेल्या जनावराचं दुखणं आहे, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. चैत्र यात्रेत डोंगरावर लाखोंची गर्दी असते. सासनकाठ्या नाचतात, गुलाल-खोबऱ्याची उधळण होते, चांगभलंचा गजर आभाळाला भिडतो. जोतिबाच्या भक्ताला याहून मोठं सुख नाही. पण लांबच्या हत्तीची हाक तळपायांतल्या कंपनावरून ओळखणाऱ्या जनावराला त्या गोंगाटात काय होत असेल?

२०१२मध्ये सुंदरच्या हालांच्या तक्रारी 'पेटा' या प्राणिहक्क संस्थेपर्यंत पोचल्या. साखळीच्या जखमा, अंकुशाच्या खुणा, दुखावलेला डोळा, कानाला पडलेलं भोक अशी ती कैफियत होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्य सरकारने सुंदरला सोडवून अभयारण्यात पाठवण्याचा हुकूम काढला. एरवी ही गोष्ट इथे संपायला हवी होती. आपल्याकडे ती इथून सुरू होते.

मधल्या काळात सुंदरचं नाव साता समुद्रापार गेलं. बीटल्समधले पॉल मॅकार्टनी यांनी वनमंत्री पतंगराव कदमांना पत्र लिहून हत्तीला सोडण्याची विनंती केली. लिव्हरपूलच्या गायकाने सोनसळच्या पतंगरावांना जोतिबाच्या हत्तीविषयी लिहावं, हा योग काही रोज येत नाही. हिंदी सिनेमातले तारेही बोलले. कोल्हापुरात या सगळ्याची थोडी थट्टाच झाली: आमच्या हत्तीचं यांना काय पडलंय? प्रश्न चुकीचा नव्हता. पण आमच्या हत्तीचं आम्हाला काय पडलं होतं, हाही प्रश्न त्याच्याच शेजारी उभा होता, आणि तो विचारणारे फार थोडे होते.

हत्ती डोंगरावरून हलला खरा, पण अभयारण्यात गेला नाही. तो कोरे यांच्या वारणानगरला गेला, पूर्वी कोंबड्या ठेवल्या जात अशा एका शेडमध्ये. लोकांच्या नजरेआड गेल्यावर त्याचं बरं होईल अशी आशा कुणाला असेल तर ती टिकली नाही. माहूत त्याला काठीने झोडपत असल्याची चित्रफीत पुढे आली. ती पाहिल्यावर माहुताला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. मला तो अर्धाच दोषी वाटतो. बिगारीच्या पगारावर, हाताशी वैद्य नाही, बदली माणूस नाही, आणि समोर दरवर्षी अंगाने वाढत जाणारा नर. तारुण्यात आलेल्या नराला मद येतो. गंडस्थळातून स्राव वाहू लागतो आणि आठवडेच्या आठवडे तो कुणाचं ऐकत नाही. त्याला आवरायला या माहुताच्या हातात भीतीशिवाय दुसरं हत्यार नव्हतं. ही नोकरी त्याला ज्यांनी दिली त्यांनाही हे कळायला हवं होतं.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. ७ एप्रिल २०१४ रोजी न्यायालयाने सुंदरला बेंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा जैविक उद्यानात हलवायला सांगितलं. त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली गेली, तिथेही मे महिन्यात निकाल हत्तीच्याच बाजूने लागला. आणि जूनच्या सुरुवातीला, पावसाच्या तोंडावर, सुंदर ट्रकमध्ये चढला. पहिल्या हुकमापासून इथवर पावणेदोन वर्षं गेली होती. त्यातला जवळपास सगळा वेळ हत्ती साखळीलाच होता. कागद मात्र चालत होते.

हत्ती ट्रकमध्ये चढवणं हे तारखा मिळवण्याहून सोपं नसतं. जमीन आणि ट्रकची पाटी एका पातळीवर यावी म्हणून उतार खणावा लागतो किंवा मातीचा चढ घालावा लागतो. पुढे ऊस ठेवायचा, मागून दोर धरायचे, भुलीचं औषध दिलंच तर अगदी बेताने; कारण हत्ती वाटेत बसला तर त्याच्याच वजनाने त्याचा श्वास कोंडतो. कोल्हापूर ते बन्नेरघट्टा सहाशे किलोमीटरच्या वर. बेळगाव, हुबळी करत हा प्रवास थांबत-थांबत, पाणी पाजत, अंगावर पाणी मारत करायचा.

तिथे पोचल्यावर हत्तीला लगेच मोकळं सोडलं जात असेल असं आपल्याला वाटतं. तसं नसतं. माणसाचा हात वर झाला की मार बसतो एवढंच शिकलेल्या जनावराला आधी हे शिकवावं लागतं की वर झालेल्या हातात फळही असू शकतं. जखमा रोज धुवायच्या, पाय भिजवून मेलेली कातडी कोरून काढायची, मऊ मातीवर चालवायचं. चारा वाढवायचा तोही जपून. नुसत्या केळी-गुळावर आणि मिळेल त्या वैरणीवर राहिलेलं पोट एकदम हिरव्या गवताने फुगतं. घोड्याच्या उपाशी शिंगराला एकदम हरभऱ्याची चंदी दिली तर ते दगावतं, हे आपल्या जुन्या पागेतल्या मोतद्दारांना ठाऊक होतं. हत्तीचं शास्त्र याहून फार वेगळं नाही.

आणि मग दुसरे हत्ती. सात वर्षं एकही हत्ती जवळ नसलेल्या सुंदरला सोंडेने दुसऱ्याच्या तोंडाला स्पर्श करायचा असतो, थोरल्यापुढे मान खाली घ्यायची असते, हे कुणी शिकवलेलं नव्हतं. हे काम माणसाला जमत नाही, ते हत्तीच करतात. बन्नेरघट्ट्यात कळप होता, तळी होती, झाडीचं मोठं आवार होतं. पुढच्या वर्षांत तिथून आलेल्या छायाचित्रांत अंगाने भरलेला, धूळ उडवणारा, इतर हत्तींना खेटून उभा असलेला सुंदर दिसतो. तो तोच आहे हे कोल्हापुरात पाहिलेल्यांना सांगावं लागतं.

एक गोष्ट मला या सगळ्यात कायम खटकत आली आहे. सुंदर साखळीला होता त्याच वर्षांत याच जिल्ह्यात मोकळे हत्ती फिरत होते. २००२च्या सुमारास कर्नाटकातून काही रानहत्ती दोडामार्गात उतरले, पुढे चंदगड-आजऱ्याच्या रानात आले आणि तिथलेच झाले. ऊस, केळी, नाचणी तुडवून जातात, शेतकरी वैतागतो, नुकसानभरपाईच्या पंचनाम्यांची रांग लागते. तरीही आजऱ्याच्या माणसाने त्यातल्या एका टस्कराला 'चाळोबा गणेश' असं नाव दिलंय. ज्या हत्तीची शेतकऱ्याला भीती आणि चीड दोन्ही आहे, त्याच्याविषयी तो आपण डोंगरावरच्या सुंदरला दाखवली त्याहून जास्त समजुतीने बोलतो, कारण त्याने हत्ती हत्तीसारखा वागताना पाहिलाय.

सुंदर गेला तेव्हा कोल्हापूर रडलं नाही. अकरा वर्षांनी ते रडलं, नांदणीच्या महादेवीसाठी. शिरोळ तालुक्यातल्या जैन मठात १९९२पासून असलेली ही हत्तीण. १६ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने तिला जामनगरला, अंबानींच्या 'वनतारा' या प्राणी केंद्रात पाठवायला सांगितलं, २८ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं आणि त्याच रात्री ती गेली. सुंदरला निकालानंतरही कित्येक दिवस लागले होते, इथे काही तासांत गाडी हलली. गावाने तिला ओवाळून निरोप दिला, पोलिसांच्या गाड्यांवर दगड पडले, निषेध म्हणून अंबानींच्या कंपनीची मोबाइल सिमकार्डं बदलली गेली, आणि ३ ऑगस्टला हजारो माणसं नांदणीहून कोल्हापूरच्या जिल्हाधिकारी कचेरीपर्यंत मूकपणे चालत आली.

ही माणसं खोटी नव्हती. महादेवी त्यांच्या पोरांच्या बारशापासून लग्नापर्यंत दारात उभी होती, आणि अंबानींच्या संस्थेविषयीचा त्यांचा संशयही निराधार म्हणता येणार नाही. पण न्यायालयापुढे तिच्या पायांचे आणि सांध्यांचे अहवाल होते, तेही खोटे नव्हते. गावाचं प्रेम आणि हत्तिणीचे तळवे, दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात, हे मान्य करायला दोन्ही बाजूंना जड गेलं. सुंदरच्या वेळी निदान हा पेच नव्हता. त्याच्यावर जीव टाकणारं गावच नव्हतं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुख्यमंत्र्यांसोबत बैठक झाली आणि वनताराने नांदणी परिसरातच महादेवीसाठी केंद्र उभारण्याचा प्रस्ताव मांडला. त्यात सांधे मोकळे करण्यासाठी पाण्याचं कुंड आहे, पोहायला मोठं तळं आहे, रात्रीचा निवारा आहे, साखळीविना फिरायला मोकळं आवार आहे, पायांखाली रबराची फरशी आहे आणि टेकून झोपता यावं म्हणून वाळूचे मऊ उंचवटे आहेत. जागा मठाने आणि सरकारने मिळून ठरवायची, आणि महादेवीने परत यायचं की नाही, हे न्यायालयाने.