रेंज एकमेकींत शिरल्या तरी तुलना करता येते

लिनिअर प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकी गणितात सहगुणक दिलेले असतात. नागपूर जिल्ह्यातल्या कोरडवाहू शेतकऱ्याला ते कोणी देत नाही. जूनमध्ये पेरताना पाऊस किती होईल आणि माल विकताना भाव काय असेल, दोन्ही माहीत नसतं. मग एकरी नफा हा एक आकडा राहत नाही, त्याची रेंज होते.

समजा, दहा एकर शेत आहे. एकरी नफा हजार रुपयांत (आकडे फक्त उदाहरणासाठी): कापूस १० ते ३०, तूर १४ ते २०, सोयाबीन ९ ते १३.

योजना अ: ६ एकर कापूस, ४ एकर तूर. नफा ११६ ते २६०.
योजना ब: ६ एकर कापूस, ४ एकर सोयाबीन. नफा ९६ ते २३२.

रेंज एकमेकींत शिरल्यात, म्हणून ‘सांगता येत नाही’ असं लिहून मोकळे होऊ नका. दोन्हींत कापूस तेवढाच आणि वर्षही तेच. आधी वजाबाकी करा, मग रेंज काढा: अ − ब = ४ × (तूर − सोयाबीन). तूर कमीत कमी १४, सोयाबीन जास्तीत जास्त १३. म्हणजे अ कायम निदान ४ हजारांनी पुढे. ब बाद.

आता योजना क: २ एकर कापूस, ८ एकर तूर. अ − क = ४ × (कापूस − तूर), म्हणजे −४० ते +६४. इथे कायम पुढे कोणीच नाही, निकष निवडावाच लागतो. सर्वात वाईट वर्ष पाहिलं, तर क (१३२) ही अ पेक्षा (११६) बरी. नंतरची हळहळ मोजली, तर अ निवडून जास्तीत जास्त ४० हजार हुकतात, क निवडून ६४. म्हणजे अ बरी. हा हळहळीचा निकष सॅव्हेज यांनी १९५१ मध्ये मांडला.

डोक्यावर पीककर्ज असेल तर पहिला निकष जवळचा वाटेल. ते गणित ठरवत नाही. म्हणून पेपरमध्ये ‘आमचं उत्तर सरस’ लिहिण्याआधी कोणत्या निकषाने, ते लिहा.

दोन गोष्टी सांभाळा. −४० यायला कापूस बुडून तूर उत्तम पिकायला हवी. एकच पाऊस दोन्ही पिकं बुडवत असेल, तर ही वेळ येणारच नाही; सहगुणकांतला संबंध तपासा. दुसरं, अनिश्चितता मजूर-पाण्याच्या बंधनांत असेल, तर नफ्याआधी उत्तर शक्य राहतं का ते बघा. सॉयस्टर यांनी १९७३ मध्ये सगळेच सहगुणक वाईटात वाईट धरले. बर्टसिमस आणि सिम यांनी २००४ मध्ये किती सहगुणक एकदम बिघडतील यावर मर्यादा घातली.

सराव म्हणून सोयाबीनची वरची मर्यादा १३ ऐवजी १५ घ्या. ब अजूनही बाद होते का?