अडुसष्ट की अडतीस?

रविवारी रात्री इंग्रजीचे वीस जडजड शब्द घोकायचे आणि सोमवारी बाईंनी विचारलं की निम्मे गायब! जातात कुठे हो हे शब्द?

जर्मनीतल्या हर्मान एबिंगहाउसने विसरण्याचा हा कारभार चक्क मोजायला घेतला. त्यासाठी विद्यार्थी निवडला एकच, तो स्वतः! ओळखीचे शब्द पटकन पाठ होतात, म्हणून त्याने ‘बुप’, ‘झोग’ अशा थाटाचे सुमारे २३०० बिनअर्थाचे शब्द तयार केले. घड्याळाच्या टिकटिकीवर तो त्यांच्या याद्या पाठ करायचा. मग काही वेळ जाऊ द्यायचा आणि तीच यादी पुन्हा पाठ करताना किती वेळ वाचला, ते लिहून ठेवायचा. (वाचूनच जांभई आली ना?)

१८८५ साली त्याचं पुस्तक निघालं. त्यातून कळलं की विसरण्याला सुरुवातीलाच भारी घाई असते. तासाभरात निम्म्याहून जास्त मेहनत पाण्यात! दुसऱ्या दिवशी जेमतेम तिसरा हिस्सा उरतो. पुढे मात्र गळती मंदावते. महिन्यानंतरही पाचवा हिस्सा शिल्लक असतो.

आता खरी गंमत ऐका. १२ शब्दांची यादी त्याने एकाच दिवशी ६८ वेळा म्हटली. तशीच दुसरी यादी तीन दिवसांत वाटून फक्त ३८ वेळा. त्यानंतरच्या दिवशीच्या उजळणीत फायदा दोन्हींचा सारखाच! म्हणजे तीस वेळचं घोकणं फुकट गेलं की! मधे थोडं विसरायला झालं, की शब्द आठवायला डोकं खाजवावं लागतं, आणि त्या खटपटीनेच तो पक्का होतो.

हेच सूत्र धरून सेबास्टियान लाइटनर या पत्रकाराने १९७२ साली कप्प्यांच्या खोक्याची युक्ती सांगितली. तुमच्याकडे चपलांचा रिकामा खोका असेलच. त्यात पुठ्ठ्याचे पाच कप्पे पाडा. कार्डाच्या एका बाजूला ‘रिलक्टंट’, मागे ‘नाखूश’ आणि त्या शब्दाचं स्वतः रचलेलं वाक्य. दादाची थट्टा करणारं असेल तर फारच छान! अर्थ आठवला तर कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला तर थेट पहिल्यात. पहिला कप्पा रोज उघडायचा, दुसरा दोन-तीन दिवसांनी, पुढचे त्याहून उशिरा. पाचव्यातही आठवला, तर कार्ड खोक्याबाहेर! मात्र मागची बाजू आधी बघायची नाही हं.