दाबाखालचा प्राणवायु आणि आपलीं औषधें

सोड्याची बाटली उघडतांच फसफसून वायु बाहेर येतो, हें प्रत्येक विद्यार्थ्यानें पाहिलें आहे. बाटलींत दाब असतो तोंवर तो पाण्यांत विरघळून राहतो. याच नियमावर एक आधुनिक उपचार उभारलेला आहे. मधुमेहानें चिघळलेली जखम किंवा धुराची विषबाधा झालेल्या रोग्यास बंद कोठडींत ठेवून, नेहमींच्या हवेच्या दुप्पट-तिप्पट दाबाखालीं दीड-दोन तास शुद्ध प्राणवायु देतात. मग तो केवळ तांबड्या रक्तकणांवर अवलंबून न राहतां रक्तरसांतच विरघळतो, व जेथें रक्तप्रवाह क्षीण झाला आहे तेथेंही पोंचतो.

परंतु असा रोगी बहुधा इतर औषधेंही घेत असतो. त्यांचें काय होतें, याचा विचार आम्ही येथें करणार आहों.

प्राणवायु कितीही घेतला तरी निरुपद्रवी, ही समजूत प्रथम सोडली पाहिजे. अधिक दाबाच्या प्राणवायूनें प्राण्यांस झटके येतात, असें पॉल बेर या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८७८ सालच्या आपल्या ग्रंथांत दाखवून दिलें. अर्थात् तोही मात्रेनेंच घेण्याचें औषध होय.

औषधें शरीरांतून काढून टाकण्याचें काम मुख्यतः यकृत व मूत्रपिंडें करितात. दाबाखालीं या कामाचा वेग बदलतो काय, हें थोड्याच औषधांच्या बाबतींत तपासलें गेलें आहे, व त्यांपैकीं कांहींत फारसा फरक आढळला नाहीं. खरी अडचण निराळीच आहे. प्राणवायु व दुसरें औषध यांचा भार एकाच ठिकाणीं पडतो. कर्करोगावरील ब्लिओमायसिन फुप्फुसांस अपाय करूं शकतें. प्राणवायूनें तो बळावण्याची भीति असते. दारू सोडविण्यासाठीं दिलें जाणारें डायसल्फिराम हें, प्राणवायूपासून उत्पन्न होणारीं विषारी द्रव्यें निकामी करणाऱ्या शरीरांतील रक्षक द्रव्यासच अडवितें. मधुमेह्याची रक्तशर्करा कोठडींत उतरूं शकते. इन्शुलिन घेतलेल्यास त्यामुळें घेरी येण्याचा संभव असतो, म्हणून आंत जाण्यापूर्वीं ती मोजतात. उलटपक्षीं, टोब्रामायसिनसारखीं जंतुनाशकें प्राणवायु असेल तरच जंतूंच्या आंत नीट शिरतात. जखमेंतील प्राणवायु वाढला कीं त्यांस बळ येतें.

तात्पर्य, कोठडींत जाण्यापूर्वीं डॉक्टरांपासून एकही औषध लपवूं नये. विशेषतः जें सांगण्यास संकोच वाटतो तें तर मुळींच नाहीं. पालकांनीं घरगुती काढे व पुड्याही सांगाव्या. आणि आमच्या विद्यार्थिमित्रांनीं आजी-आजोबांच्या औषधांचीं नांवें व वेळा एका कागदावर स्वच्छ अक्षरांत लिहून ठेवाव्या. काम लहान आहे. पण प्रसंगीं तोच कागद प्राण वाचवील.