नवा टेम्पो घ्यावा की जुना?

मैत्रिणींनो, दसरा किंवा पाडवा जवळ आला की काही घरांत एक विषय हमखास निघतो. घरात किराणा दुकान असो, दुधाचा धंदा असो, फर्निचरचा कारखाना असो की शेतमालाची ने-आण, "भाड्याच्या टेम्पोला किती दिवस पैसे मोजायचे? आपलीच गाडी घेऊ या," असे कुणीतरी म्हणते. मग रात्रीची जेवणे झाल्यावर बैठक बसते. भावजी म्हणतात, घ्यायची तर कोरी करकरीत घ्यायची. मामंजी म्हणतात, ओळखीतली वापरलेली गाडी निम्म्या पैशांत मिळतेय, उगीच कर्जाचा डोंगर कशाला? आपण आतून बडीशेप आणून देतो, चार शब्द कानावर पडतात, आणि "मला बाई त्यातलं काय कळतंय," म्हणून ओटा आवरायला लागतो.

चार दिवसांनी कागद मात्र आपल्यापुढे येतो. "इथे एक सही कर."

ही सही काय असते, ते आधी पाहू. बऱ्याचदा आपण सहकर्जदार असतो किंवा जामीनदार. भारतीय करार कायदा 1872 सालचा आहे. त्याच्या 128व्या कलमाप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे हप्ते थकले तर "मी फक्त सही केली होती," हे म्हणणे चालत नाही. शिवाय सुरुवातीची रक्कम उभी करताना पाटल्या-बांगड्यांकडे पहिली नजर जाते. स्त्रीधन कायद्याने आपले असते. ते द्यायचे की नाही हे आपण ठरवायचे. द्यायला हरकत नाही, पण समजून द्यावे. म्हणून या बैठकीत आपणही बसायला हवे. आणि खरे सांगू? यातले गणित महिन्याच्या जमाखर्चापेक्षा अवघड नाही.

पहिला प्रश्न किमतीचा नाही

बैठकीत सगळे किमतीपासून सुरुवात करतात. तुम्ही वेगळा प्रश्न विचारा: "गाडी वर्षातले किती दिवस धावणार, आणि एक दिवस बंद पडली तर काय होईल?"

दोन घरांची उदाहरणे घेऊ. एका घरची गाडी रोज रात्री भाजी भरून कसारा घाटातून वाशीच्या बाजाराला जाते. घाटात गाडी बंद पडली तर माल कोमेजतो, भाव जातो आणि गिऱ्हाईकही दुसऱ्याकडे वळते. दुसरे घर कोकणातले, आंब्याच्या व्यवसायातले. त्यांची खरी धावपळ मार्च ते मे. एरवी आठवड्यातून एखादी खेप, नाहीतर गाडी मांडवात उभी. पहिल्या घराला भरवशाची गाडी हवी, मग हप्ता थोडा जास्त बसला तरी चालेल. दुसऱ्या घराने नव्या गाडीचा हप्ता बाराही महिने भरत राहणे म्हणजे पाहुण्यांसाठी रोज पुरणपोळी करून ठेवण्यासारखे आहे.

दुसरा प्रश्न परतीच्या भाड्याचा. जाताना गाडी भरून जाते, पण येताना रिकामी आली तर त्या डिझेलचे पैसे कोण देणार? हा हिशेब नव्या-जुन्या दोन्ही गाड्यांना सारखाच लागू आहे.

हप्त्याचे गणित

शाळेत मी अर्धवेळ गणित शिकवते, म्हणून वहीतल्यासारखेच मांडते. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत; तुम्ही तुमच्या गावातले घाला.

नवी गाडी, रस्त्यावर येईपर्यंत 8 लाख रुपये. पदरचे 1 लाख 60 हजार, कर्ज 6 लाख 40 हजार, व्याज 11 टक्के, मुदत 5 वर्षे. हप्ता साधारण 13,900 रुपये.

पाच वर्षे वापरलेली गाडी, किंमत 4 लाख. जुन्या गाडीला कर्ज कमी मिळते, व्याज जास्त असते आणि मुदत लहान असते. म्हणून पदरचे 1 लाख 20 हजार, कर्ज 2 लाख 80 हजार, व्याज 15 टक्के, मुदत 3 वर्षे. हप्ता साधारण 9,700 रुपये. शिवाय टायर, बॅटरी, ब्रेक, क्लच अशा पहिल्या दुरुस्तीला 50 हजार बाजूला ठेवा.

आता बघा गंमत. गाडीची किंमत निम्मी, पण पहिल्या दिवशी हातातून जाणारी रोकड जवळजवळ तेवढीच: एकीकडे 1 लाख 60 हजार, दुसरीकडे 1 लाख 70 हजार. हप्त्यातला फरक महिन्याला 4,200 रुपयांचा. गाडी बंद पडल्यावर पर्यायी टेम्पो भाड्याने आणायला दिवसाला 2 हजार धरले, तर महिन्याला दोन दिवस गाडी गॅरेजमध्ये गेली की हा फरक संपला! गॅरेजवाल्याचे बिल निराळेच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

पण दुसरी बाजूही खरी आहे. जुन्या गाडीचे कर्ज तीन वर्षांत फिटते आणि एकूण व्याज सुमारे 70 हजार जाते. नव्या गाडीत हेच जवळजवळ 1 लाख 95 हजार होते. जुनी गाडी चांगली निघाली आणि तिचे काम बेताचे असले, तर ती खरोखर स्वस्त पडते. म्हणून "महिन्यात किती दिवस बंद पडेल" या एका प्रश्नावर सगळे अडून आहे.

आणखी एक. कुणी "व्याज फक्त 9 टक्के" म्हणाले तर लगेच विचारा, "फ्लॅट की घटत्या शिल्लकेवर?" फ्लॅट म्हणजे आपण कर्ज फेडत आलो तरी व्याज पूर्ण मूळ रकमेवरच. तीन वर्षांच्या कर्जाला 9 टक्के फ्लॅट म्हणजे घटत्या शिल्लकेवर सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास!

नव्याचे नऊ दिवस

नवी गाडी घेताना शोरूमची किंमत ऐकून खूश होऊ नका. नोंदणी, कर आणि विमा धरून आकडा विचारा. नुसती चेसिस घेणार असाल तर हौदा बांधायचा खर्चही त्यात धरा.

नव्या गाडीची किंमत पहिल्या काही वर्षांत भरभर उतरते. दोन वर्षांनी धंदा बसला आणि गाडी विकायची वेळ आली, तर विकून आलेल्या पैशांत कर्ज फिटेलच असे नाही. धंदा नवा असेल तर हा विचार जरूर करा. जम बसलेल्या धंद्याला नवी गाडी शोभते; अजून अंदाज घ्यायचा असेल तर वर्षभर भाड्याच्या गाडीवरच निभावावे. त्यात कमीपणा नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू ट्रक-टेम्पोवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. जुनी गाडी विकणारा मात्र पुष्कळदा आपण कधीकाळी मोजलेली किंमत मनात धरून भाव सांगतो. म्हणून जुन्याचा सौदा करण्याआधी त्याच जातीच्या नव्या गाडीची आजची किंमत विचारून या.

इंजिनाचेही पाहा. 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 गाड्या आल्या. त्यांचा धूर स्वच्छ, पण त्यांत सेन्सर आणि धूर गाळणारी यंत्रणा असते, आणि बिघाड शोधायला बरेचदा संगणक जोडावा लागतो. त्याआधीच्या गाड्या तुलनेने साध्या. तालुक्याचा मिस्त्री त्या उघडून बसतो. तुमच्या गावापासून कंपनीचे सर्व्हिस सेंटर किती लांब आहे, हे म्हणूनच आधी विचारावे.

जुनी गाडी पाहायला जाताना

भेंडी घेताना आपण टोक मोडून पाहतो. नारळ कानाशी हलवतो. मग लाखांची वस्तू नुसत्या रंगावर कशी घ्यायची? नवा रंग दिसला तर उलट जास्त बारकाईने बघा.

सकाळी, इंजिन थंड असताना जा. बॉनेटला हात लावून पाहा, गरम लागले तर "आधीच का चालू केली?" असे विचारा. सुरू झाल्यावर धूर बघा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळते आहे. काळा दाट धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही. गाडी तापल्यावरही पांढरा धूर थांबत नसेल तर खर्चाची तयारी ठेवा.

टायर एकाच बाजूने झिजले असतील तर चाकांची रेषा बिघडली आहे किंवा गाडीला कधी मोठा मार बसला आहे. चेसिसवर वेल्डिंगचे जोड आहेत का, पाटे तुटले-दबले आहेत का, फाळका नीट लागतो का, उभ्या जागी खाली ऑइलचा डाग पडतो का, हे वाकून पाहायला लावा. मीटर कमी किलोमीटर दाखवतो आणि क्लच-ब्रेकच्या पायट्यांचे रबर मात्र गुळगुळीत झाले आहे, तर मीटरवर विश्वास ठेवू नका. चढावर, आणि जमल्यास माल भरून, चालवून बघा. मिस्त्री आपला न्यावा, विकणाऱ्याने आणलेला नको. त्याचे पाचशे-हजार रुपये वाया जात नाहीत.

कागद वाचणे हे आपले काम

इंजिन कळले नाही तरी कागद आपल्याला वाचता येतात. घरातल्या पुरुषांना या कामाचा कंटाळा असतो, म्हणून हे आपण आपल्याकडे घ्यावे.

आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर अक्षर न् अक्षर जुळवा. परिवहन खात्याच्या ॲपवर गाडीचा नंबर घालून फिटनेस, विमा आणि बोजा पाहा. चलनांचा दंड थकला असेल तर तो विकणाऱ्यानेच भरायला हवा.

गाडीवर आधीच्या कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा नाहरकत दाखला आणि फॉर्म 35 हाती आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. मालकी बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात. गाडी परराज्यातली असेल तर तिथल्या कार्यालयाचा नाहरकत दाखलाही लागतो, आणि कर इथे भरावा लागतो. "नाव नंतर करू," हे ऐकूच नका. सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे, की नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक धरला जातो, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारीही त्याच्यावर येते. म्हणून आपली जुनी गाडी विकतानाही नाव बदलल्याची खात्री करून घ्या.

विमाही आपल्या नावावर करून घ्यायचा असतो. त्यासाठी 14 दिवसांच्या आत कंपनीला कळवावे. अपघात न झाल्याबद्दलची विम्यातली सूट विकणाऱ्याची असते, ती गाडीबरोबर येत नाही. आणि तिसऱ्या पक्षाच्या विम्याचा हप्ता गाडीच्या वजनावर ठरतो, वयावर नाही. जुनी म्हणून तो स्वस्त होईल असे समजू नका.

पासिंगचेही तसेच. मालवाहू गाडीचा फिटनेस आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावा लागतो. म्हणून सात-आठ वर्षांची गाडी घेणाऱ्याने दरवर्षी तो खर्च आणि पासिंगच्या कामात मोडणारे दिवस धरावेत.

लहान गाडीला दोन सवलती आहेत. मालासकट एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असेल तर परमिट लागत नाही. 2005 साली आलेला, आपण सगळे 'छोटा हत्ती' म्हणतो तो टेम्पो यातच बसतो. आणि 7,500 किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनाच्या परवान्यावर चालवता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2024 साली पुन्हा सांगितले आहे. घरातलाच मुलगा किंवा दीर गाडी चालवणार असेल तर ड्रायव्हरचा पगार वाचतो.

सही करण्यापूर्वी

हे पाच प्रश्न एका कागदावर लिहा आणि बैठकीत सगळ्यांसमोर विचारा:

1. गाडी महिन्यातले किती दिवस नक्की धावेल? कुणाकुणाचे काम हातात आहे?
2. डिझेल, ड्रायव्हर, टायर, विमा आणि दुरुस्ती वजा जाता हप्ता निघेल का?
3. तीन महिने काम मिळाले नाही तर हप्ता कुठून भरायचा?
4. व्याज फ्लॅट की घटत्या शिल्लकेवर, आणि माझी सही कोणत्या नात्याने?
5. गाडी नोंदणीत कोणाच्या नावावर होणार?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर कुणालाच देता आले नाही, तर नवी आणि जुनी दोन्ही गाड्या काही दिवस लांबवाव्यात. मुहूर्त पुन्हा येतो. रोज काम असेल, माल नाशवंत असेल आणि हप्त्याची सोय असेल तर नवी घ्या. काम हंगामी असेल, अंतर जवळचे असेल, गावात हुशार मिस्त्री असेल आणि कागद स्वच्छ असतील तर चांगली पारखलेली जुनी घ्या.

कुणी म्हणेल, "बायकांनी यात कशाला पडायचं?" रागावू नका. शांतपणे हप्त्याची वही पुढे करा आणि म्हणा, "सही माझीही आहे ना? मग हिशेब मलाही समजावून सांगा."